सामाईक पाटी

खोतअण्णांच्या गळ्यातून ते वाक्य निघालं, तेव्हा शेवंताबाई सूप घेऊन हरभऱ्याची डाळ निवडत बसल्या होत्या. मंगळवार होता. दुपारचे बारा वाजायला पंधराएक मिनिटं बाकी होती. अण्णा समोरच्या खुर्चीत पेपर चाळत होते. त्यांचे ओठ हलले, आणि गळ्यातल्या पट्ट्यातून त्यांच्याच भरदार आवाजात शब्द आले, "आता कशाला जगायचं?"

शेवंताबाईंच्या हातातलं सूप निसटलं. डाळ फरशीभर झाली.

"अवो, असलं काय बोलतासा?"

अण्णांनी पेपर खाली घेतला. तेही दचकलेले दिसत होते. पुन्हा ओठ हलले. "म्या न्हाई बोललो."

"मी काय भैरी हाय? तुमच्याच गळ्यातनं आलं की."

"अगं, मी म्हनलं, भाकरीसंगं ठेचा कर. येवढंच म्हनलं."

शेवंताबाईंचा विश्वास बसला नाही. कसा बसणार? सहा वर्षांपूर्वी कॅन्सरपायी अण्णांचं स्वरयंत्र काढलं, तेव्हा पट्टा मिळेपर्यंत चार वर्षं हा माणूस मुका होऊन घराच्या कोपऱ्यात बसला होता. त्याआधीची तीस वर्षं सांगली, सातारा, कोल्हापूर या तिन्ही जिल्ह्यांत कुस्तीचं मैदान भरलं की माइकवर दत्ताजी खोत असायचे. पैलवानानं पट काढायच्या आधी अण्णांचा आवाज चढायचा आणि मागच्या रांगेत बसलेल्यालाही कळायचं, आता काहीतरी होणार. तो आवाज गेल्यावरचे दिवस शेवंताबाईंनी काढले होते. त्यांना वाटलं, ते दिवस अजून गेलेले नाहीत. नवरा हसतमुखानं वावरतो, पण आत हे चाललंय.

त्या दिवशी त्यांनी ठेचा केला, पण विळी, चाकू आणि गोठ्यातलं फवारणीचं औषध उचलून शेजारच्या घरी नेऊन ठेवलं. अण्णा परसात गेले तरी त्या पाठोपाठ जाऊन उभ्या राहायला लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नवऱ्याला एसटीत बसवलं आणि मिरजेला स्वरकेंद्रात आणलं.

स्वरकेंद्र म्हणजे एका धर्मादाय रुग्णालयाच्या मागच्या अंगणातल्या तीन खोल्या. एका खोलीत पट्ट्यांची दुरुस्ती, एका खोलीत डॉ. शर्वरी मगदूम, आणि तिसऱ्या, कायम थंडगार ठेवलेल्या खोलीत ते यंत्र आणि त्याची राखण करणारी वृषाली आवटी. वृषाली चौतीस वर्षांची होती. पुण्यातली नोकरी सोडून ती पाच वर्षांपूर्वी इथं आली, कारण तिच्या मते या कामात सकाळी लिहिलेल्या ओळीचा संध्याकाळी कुणाच्या तरी गळ्यातून आवाज यायचा. असं सुख तिला आधीच्या नोकरीत मिळालं नव्हतं.

शेवंताबाईंनी सगळं सांगितलं. अण्णा मान खाली घालून ऐकत होते.

"पट्टा कधीकधी शब्द चुकवतो, काकू," वृषाली म्हणाली. "'भात' म्हटलं की 'हात' ऐकू येतं."

"ताई, 'ठेचा कर' आणि 'कशाला जगायचं' यात काय सारखं हाय?"

 वृषालीनं अण्णांच्या पट्ट्याची तपासणी केली. हनुवटीखाली बसणारा, दोन बोटं रुंद असा तो पट्टा. स्वरयंत्र गेलं तरी माणूस बोलू पाहतो तेव्हा जीभ, जबडा, ओठ हलतातच, आणि त्या स्नायूंमध्ये बारीकशी वीज खेळते. पट्टा ती टिपून फोनमार्फत केंद्रातल्या यंत्राकडे पाठवतो. यंत्र त्यावरून उच्चार ओळखतं, त्या माणसाच्या जुन्या ध्वनिफितींवरून जपून ठेवलेला त्याचा आवाज त्यावर चढवतं आणि परत पाठवतं. एका दमात बोललेला तुकडा, म्हणजे चारपाच शब्द, एका फेरीत जातो आणि येतो. अण्णांच्या पट्ट्यात काहीही बिघाड नव्हता.

"पोरी," अण्णा म्हणाले, "माजा गळा आनि शब्द दुसऱ्याचं, असं व्हतं का कवा?"

वृषाली 'नाही' म्हणणार होती.  पण तिला अकरा दिवसांपूर्वीची शनिवारची सकाळ आठवली.

यंत्रातल्या प्रोग्रॅमचे दोन मजले होते. वरचा मजला बहुतांशी वृषालीनं स्वतः लिहिलेला, माणसाला झटकन लिहिता-वाचता यावी अशा सोप्या भाषेत. कुणाचा पट्टा जोडला गेला, कुणाचा तुटला, कुणाचा आवाज कुठे ठेवलाय, ही देखरेख त्याच्याकडे. पण ती भाषा सोपी तशीच संथ. म्हणून अंगमेहनतीचं काम खालच्या मजल्यावर, 'कंठ' नावाच्या लायब्ररीत, म्हणजे दुसऱ्यानं आधीच लिहून ठेवलेल्या तयार प्रोग्रॅमच्या संचात, व्हायचं. कंठ सी भाषेत लिहिलेली होती आणि कंपाइल करून, म्हणजे थेट यंत्राच्या बोलीत उतरवून, केंद्राकडे आली होती. वृषालीचा प्रोग्रॅम सुरू होताना ती फाइल आत घ्यायचा आणि तिच्यातली कामं आपलीच असल्यासारखी सांगायचा. कंठही मोठी कामसू. एका वाक्याचं काम ती आठ धाग्यांवर वाटून द्यायची, एकाच भिंतीला आठ गवंडी लागावेत तसं.

अडचण वरच्या मजल्यावर होती. ती सोपी भाषा आपला कारभार बिघडू नये म्हणून एकच कुलूप बाळगायची, आणि ते कुलूप ज्याच्या हातात, त्यालाच काम करू द्यायची. बाकीचे रांगेत. कंठला आत घेण्याच्या ओळीतला एक शब्द ठरवायचा, की खाली सीमधलं काम चालू असताना कुलूप हातात धरून ठेवायचं, की तेवढ्यापुरतं सोडून द्यायचं. वृषालीच्या आधीच्या माणसानं 'धरून ठेव' असं लिहिलं होतं. केंद्रात एकोणीस माणसं होती तोवर कुणाला काही जाणवलं नाही. आता दोन हजार अडतीस साली तीनशे बारा माणसं होती. सकाळी सगळेच बोलू लागले की रांग वाढायची आणि ओठ हलल्यावर आवाज यायला दीड-दोन सेकंद लागायचे. माणसं बोलायची आणि समोरचा मधेच दुसरं काही बोलून जायचा. नातवंडं म्हणायची, आजोबांचं नेट स्लो आहे.

म्हणून त्या शनिवारी वृषालीनं तो एक शब्द बदलला. 'सोडून दे.' रांग संपली. दोन सेकंदांचा विलंब सेकंदाच्या दहाव्या भागावर आला. फोन आले, पेढे आले. अण्णांना तर येत्या रविवारच्या बोरगावच्या मैदानाचं बोलावणं आलं. सहा वर्षांत पहिल्यांदा. कुस्तीत दोन सेकंद उशिरा बोलणं म्हणजे पैलवान चीत झाल्यावर 'आता बघा' म्हणण्यासारखं. आता ती अडचण उरली नव्हती.

"अण्णा, काकू, तुम्ही जरा बाहेर बसता का?" वृषाली म्हणाली. "मला एक गोष्ट तपासायची आहे. तासभर लागेल."

तिनं दोन खोटी माणसं तयार केली. एक सतत 'आ' म्हणणारं, दुसरं सतत 'ई' म्हणणारं. दोघांना दोन वेगळ्या धाग्यांवरून एकाच वेळी कंठकडे पाठवायला सुरुवात केली आणि 'आ'च्या बाजूनं काय बाहेर पडतं ते मोजायला दुसरा प्रोग्रॅम लावला. हजार वेळा 'आ' आलं. दहा हजार वेळा 'आ' आलं. वृषालीचा जीव जरा भांड्यात पडत होता, तेवढ्यात एकेचाळीस हजाराच्या आसपास पडद्यावर एक 'ई' आली. 'आ'च्याच आवाजात.

आता तिला सगळं दिसलं. कंठ आधी उच्चार ओळखून एका जागी लिहून ठेवते आणि मग त्यावरून वाचत वाचत आवाज चढवते. ती लिहायची जागा, ती पाटी, सबंध लायब्ररीत एकच असणार. कुलूप धरून ठेवलेलं असताना काही बिघडत नव्हतं. एकजण पाटीवर लिहून, वाचून बाहेर पडला की मगच दुसरा आत यायचा. तिनं कुलूप सोडलं आणि दोघं एकाच वेळी आत शिरू लागले. एकानं पाटीवर लिहावं, वाचायला वळावं, तेवढ्या निमिषात दुसऱ्यानं त्यावर आपलं गिरवावं. मग दोघंही नंतर लिहिणाऱ्याचंच वाचणार, पण आपापल्या आवाजात. अण्णांचा ठेचा तिथंच पुसला गेला होता.

म्हणजे ते वाक्य यंत्राची चूक नव्हती. ते कुणीतरी खरोखर बोललं होतं.

तिनं बाहेर येऊन दोघांना बाकावर बसवलं आणि जे झालं ते सांगितलं. पाटीचं उदाहरण शेवंताबाईंना लगेच कळलं. त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "म्हंजे हे न्हाई बोललं. देवा." आणि दुसऱ्याच क्षणी, "मग कोन बोललं गं?"

"ते शोधते. पण आधी मला तो शब्द पहिल्यासारखा करायला हवा, अण्णा. आत्ताच. त्यानं सगळ्यांचं बोलणं पुन्हा मागं पडेल." ती थांबली. "रविवारी तुमचं मैदान आहे."

अण्णांनी अंगणातल्या कडुलिंबाकडे पाहिलं.

"दुसऱ्याचं माज्या गळ्यात आलं," ते म्हणाले, "तसं माजं बी कुनाच्या तरी घरात जात असंल. लाव कुलूप. मैदानं काय, हुत्यातच."

त्यांनी ते सहज म्हटलं. पण जाताना त्यांनी दाराच्या चौकटीला हात धरला आणि क्षणभर तसेच उभे राहिले, हे वृषालीनं पाहिलं.

कुलूप लावून ती डॉ. मगदूमांच्या खोलीत गेली आणि झालेली चूक आपली आहे, असं तिनं सुरुवातीलाच सांगितलं. डॉक्टर शांतपणे ऐकत होत्या.

"कोण ते कळू शकतं?"

"विलंब मोजायला आपण प्रत्येक फेरीची वेळ नोंदवतो. शब्द नाही, फक्त पट्ट्याचा क्रमांक आणि वेळ. अण्णांचं लिहिणं आणि वाचणं यांच्यामध्ये एकाच पट्ट्याचं लिहिणं सापडतं. एकशे सत्तेचाळीस."

डॉक्टरांनी हात पुढे केला, मग मागे घेतला. "नाव सांगू नकोस. वृषाली, आपण प्रत्येकाला लिहून दिलंय, की तुम्ही घरात काय बोलता ते केंद्र कधीही ऐकणार नाही. उद्या लोकांना वाटलं, की आपण त्यांची वाक्यं तपासून दारात उभे राहतो, तर ते पट्टे काढून ठेवतील."

"आणि ते माणूस एकटं असेल तर?"

"तेच तर अवघड आहे."

 बाहेर शिंकाळे नावाचे दुरुस्तीवाले कुणालातरी फोनवर समजावत होते, की हो, आवाज परत उशिरा येणार, थोडे दिवस सांभाळून घ्या.

"मी त्यांना विचारायला जाणार नाही," वृषाली शेवटी म्हणाली. "सांगायला जाणार आहे. त्यांचं बोलणं आपल्या चुकीनं दुसऱ्याच्या घरी गेलं. हे ज्याचं गेलं त्याला सांगायला नको? आपण काही ऐकलं नाही असं समजून बसलो, तर ते वचन पाळणं नाही. ती लपवालपवी झाली."

 "आजच जा," डॉक्टर म्हणाल्या. "आणि माझा फोन चालू असेल."

एकशे सत्तेचाळीस क्रमांकाचा पट्टा हसीना मुजावर यांचा होता. मिरजेतल्या मुलींच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं गणित शिकवलं, शेवटची आठ वर्षं मुख्याध्यापिका म्हणून. तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. वृषाली पोचली तेव्हा समोरच्या दुकानात कुणी तंबोऱ्याच्या तारा लावत होतं. एकच सूर पुन्हापुन्हा येत होता.

मुजावरबाईंनी दार उघडलं. साडी नीटनेटकी, केस विंचरलेले. घरात पलंग दोन होते आणि एकावरची चादर घडी घालून उशाशी ठेवलेली होती.

"आपाचा पलंग," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज ओठांमागून दोन सेकंदांनी येत होता. "माझी थोरली बहीण. जाऊन चार महिने झाले. बसा."

वृषालीनं चहा नको म्हटलं आणि एका दमात सांगून टाकलं. लायब्ररी, कुलूप, पाटी, तिनं बदललेला शब्द. बाई गणिताच्या, मधे एकदाच त्यांनी विचारलं, "म्हणजे दोघांना हातचा ठेवायला एकच जागा?" वृषाली हो म्हणाली.

"काल पावणेबाराच्या सुमारास तुमचं एक वाक्य दुसऱ्या एका घरी ऐकू आलं. ते मी यंत्रातून ऐकलेलं नाही. त्या घरच्यांनी मला सांगितलं. माझ्या चुकीमुळे हे झालं, बाई. मी माफी मागायला आले आहे."

 समोरचा सूर थोडा चढला, पुन्हा उतरला.

"काय ऐकलं, ते विचारत नाही मी," मुजावरबाई म्हणाल्या. "मला माहीत आहे. काल मी दिवसभरात तेवढंच बोलले."

वृषालीची नजर घडी घातलेल्या चादरीकडे गेली.

"या खोलीत बोलले. इथं कुणी नव्हतं." बाईंनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "त्या घरी काय झालं?"

"त्या गृहस्थांच्या पत्नीला वाटलं, तेच बोलले. त्यांच्या हातातलं सूप पडलं. त्यांनी घरातले चाकू उचलून शेजारी नेऊन ठेवले. रात्रभर झोपल्या नाहीत. आज त्यांना घेऊन केंद्रात आल्या."

"माझ्या वाक्यावर?"

"हो."

"सूप पडलं," बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. "कुणीतरी घाबरलं म्हणायचं."

वृषाली तिथं दोन तास बसली. चहा झाला. बाईंनी आपाबद्दल सांगितलं. ती रागीट होती, पट्ट्याच्या आवाजाला 'रेडिओ' म्हणायची आणि मुद्दाम भांडण उकरून काढायची, म्हणजे हसीनाला बोलावं लागेल. निघण्याआधी वृषालीनं डॉ. मगदूमांना फोन लावून दिला आणि बाई त्यांच्याशी बोलल्या, संथपणे, प्रत्येक वाक्यानंतर दोन सेकंद थांबत. दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रात यायचं त्यांनी कबूल केलं.

दाराशी त्या म्हणाल्या, "त्या बाईंना माझं नाव सांगितलं तरी चालेल."

वृषालीनं नाव सांगितल्याच्या तिसऱ्या दिवशी शेवंताबाई एकट्याच एसटीनं मिरजेला, मुजावरबाईंच्या घरी गेल्या. त्या दोघींचं काय बोलणं झालं ते वृषालीला कधी कळलं नाही. एवढंच कळलं, की शेवंताबाईंनी दारातच, ओळख द्यायच्या आधी, "असलं बोलत्यात व्हय?" असं दरडावलं होतं.

राहिली ती लायब्ररी. वृषालीनं आधी सोपा उपाय करून पाहिला: बोलणाऱ्या प्रत्येकाला कंठची वेगळी प्रत, वेगळ्या आवारात, म्हणजे पाटी आपोआप वेगळी. पण प्रत्येक प्रत आपले आठ धागे घेऊन यायची. चाळीस माणसं एकदम बोलली की तीनशे वीस धागे व्हायचे, आणि यंत्राला प्रत्यक्ष काम करणारे हात होते चौसष्ट. धागे एकमेकांची वाट अडवत बसले आणि विलंब चार सेकंदांवर गेला. एकच मार्ग उरला. कंठ ज्यानं लिहिली, त्याच्याकडे जाणं.

प्राध्यापक माधव केळुस्कर सांगलीत विश्रामबागला राहायचे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, कानानं जरा मंद, पण बोटं अजून कळफलकावर सरावलेली. अभियांत्रिकी महाविद्यालयातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. केंद्राला त्यांनी लायब्ररीची कंपाइल केलेली फाइल दिली होती, आणि त्यापलीकडे कुणी काही मागितलं नव्हतं.

वृषालीचं ऐकून घेतल्यावर ते उठले आणि कपाटातून एक जुनी डिस्क घेऊन आले. मूळ सीमधला मजकूर उघडला. पाटीच्या ओळीवर त्यांच्या पद्धतीनं मराठीत टीप होती. *एका वेळी एकच बोलणारा. दोघे आले तर पाट्या दोन करा.*

वृषालीनं ती दोनदा वाचली.

"लिहिलेलं होतं," ती म्हणाली.

"हो, पण यंत्रासाठी नव्हतं ना लिहिलं. कंपाइल करताना टिपा गळून जातात. यंत्राला त्यांचा उपयोग नसतो. तुमच्याकडे फाइल आली, ती टीप इथंच राहिली. चूक माझी. फाइल देताना तोंडानं सांगायला हवं होतं."

"पण सर, तुम्हाला तेव्हाच दिसत होतं, तर दोन पाट्या का नाही केल्या?"

केळुस्करांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "वसुधेसाठी लिहिली होती ती. माझी पत्नी. सोळा वर्षांपूर्वी तिचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, दोन-तीन वर्षं आहेत. मी कॉलेजातून आल्यावर लिहायचो. घाईत होतो. आणि तेव्हा बोलणारी एकच होती."

त्यांनी चष्मा घातला. "चल. सुरुवात करू."

नऊ दिवस लागले. वृषाली सकाळी केंद्रातलं काम आटोपून दुपारी विश्रामबागला यायची. जेवणाच्या टेबलावर दोघं शेजारी बसायचे. सामाईक पाटी काढून टाकायची, प्रत्येक बोलणाऱ्याबरोबर त्याची स्वतःची पाटी आत यायची आणि त्याच्याबरोबरच बाहेर जायची. गवंडी मात्र सगळ्यांना मिळून आठच. ऐकायला सोपं, पण ती एक पाटी छप्पन्न ठिकाणी वापरलेली होती. केळुस्कर प्रत्येक ठिकाणी थांबून विचार करायचे. एकदा वृषालीनं घाई केली तेव्हा ते म्हणाले, "घाईनं झालेलं निस्तरतोय आपण." ती ओशाळली, मग दोघंही हसले.

त्याच दरम्यान बोरगावचं मैदान होऊन गेलं. अण्णा गेले होते. माइक दुसऱ्याच्या हातात होता. अण्णा आखाड्याच्या कडेला बसून ओठ न हलवता बघत राहिले, असं शेवंताबाईंनी सांगितलं.

नवी कंठ केंद्रात आली तो गुरुवार होता. वृषालीची 'आ' आणि 'ई' म्हणणारी खोटी माणसं तीस तास बोलत राहिली. एकही अक्षर इकडचं तिकडे गेलं नाही. तरी तिला खऱ्या माणसांवर चाचणी हवी होती. मिनिटभरही एकमेकांसाठी न थांबता, एकदम बोलणारी दोन माणसं. अण्णा तयारच होते. मुजावरबाईंनीच फोन करून विचारलं, मी येऊ का?

दोघं समोरासमोर बसले. शेवंताबाई नवऱ्याच्या खुर्चीला खेटून, कान त्यांच्या गळ्याशी. केळुस्कर भिंतीजवळ, कानातलं यंत्र नीट बसवून. डॉ. मगदूम दारात उभ्या. वृषालीनं तो शब्द बदलला. 'सोडून दे.' आणि मान हलवली.

मुजावरबाईंनी एकोणतीसचा पाढा सुरू केला. "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न," ठाम, वर्गात घुमावा तशा आवाजात.

अण्णा क्षणभर घुटमळले. मग डोळे मिटले. "आनि बगा मंडळी! लाल मातीत दोगं बी समोरासमोर... खडाखडी झाली... हात धरला, सोडवला..."

"एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी..."

"पट काढला, पट काढला! वरचा बी कच्चा न्हाई, कलाजंग मारायला बगतोय..."

"एकोणतीस चोक एकशे सोळा!" बाईंनी आवाज चढवला, कारण अण्णा चढले होते. अण्णांनी आणखी चढवला. आवाज ओठांबरोबर येत होता, शब्द ज्याचे त्याच्याकडे. शेजारच्या खोलीतून शिंकाळे बघायला आले. पाढा संपला तेव्हा बाईंनी न थांबता तिसाचा धरला, आणि त्यावर अण्णांनी कुस्ती मधेच सोडून म्हटलं, "बाई, हे सोपं हाय, हे म्हाताऱ्याला बी येतंय," आणि बाई पाढा म्हणता म्हणताच हसल्या. पट्ट्यातून हसूही आलं. तेही त्यांचंच.

अर्ध्या तासानं वृषालीनं हात वर केला. केळुस्कर भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी रुमाल काढला.

"झालं?" मुजावरबाईंनी विचारलं. त्या उठल्या, पर्स घेतली, पुन्हा खाली ठेवली. "म्हणजे चाचणी संपली. आता यायला नको."

वृषालीच्या तोंडावर 'हो, झालं' असंच आलं होतं. मग तिला ते एकेचाळीस हजार 'आ' आठवले. अशी चूक एका चाचणीत सापडत नाही, हे जेवढं खरं, तेवढंच हेही, की एका चाचणीत दिसली नाही म्हणून ती गेली असंही होत नाही. धाग्यांची गाठ कधी पडेल, हे कुणालाच आधी सांगता येत नाही. वाट बघायची, आणि माणसांना एकमेकांसमोर बसवून बोलायला लावायचं, एवढंच हातात.

"नाही, बाई," ती म्हणाली. "एवढ्यानं खात्री होत नाही. पुढचे सहा महिने तरी बघावं लागेल. दर गुरुवारी, अकरा वाजता. दोघांनीही."

"सहा म्हयनं!" शेवंताबाई म्हणाल्या. "मग म्या भाकरी बांदून आनीन. बाई, तुमाला ठेचा चालतो का?"

मुजावरबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, त्याच वेळी अण्णाही काहीतरी बोलले, आणि दोघांचेही शब्द एकदम बाहेर आले.